विषयांमधले सांधे दाखवणाऱ्या बाईंना, उघडं पत्र

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

निरोप समारंभ नको, शाल-श्रीफळ तर मुळीच नको, असं तुम्ही बजावलंत. पत्र नको असं काही म्हणाला नव्हतात, म्हणून हे पत्र. नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या आमच्या खासगी शाळेत सहावी ते आठवीला शिकवणारे आम्ही सगळे मिळून लिहितोय. उघड लिहितोय, कारण तुम्ही जे दिलंत ते दुसऱ्या शाळांमधल्या शिक्षकांच्याही कामी यावं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर घरी बसण्याऐवजी दर शनिवारी तुम्ही आमच्या शिक्षक खोलीत येऊन बसलात. मानधनाचं नाव काढलं की विषय बदलायचात. तेव्हा आभार तरी नीट, तपशिलात मानू द्या.

सगळ्यात आधी तो भिंतीवरचा तक्ता. आडवे जून ते एप्रिल महिने, उभे विषय, आणि प्रत्येक घटकाच्या चौकटीत दोनच नोंदी: हा घटक मुलांना कोणतं साधन देतो ते निळ्या शाईत आणि दुसऱ्या विषयाकडून कोणतं साधन मागतो ते लाल शाईत. लाल नोंद तिच्या निळ्या नोंदीच्या आधीच्या महिन्यात आली, की तिथे मुलं अडकणार हे ठरलेलं. सहावीच्या नियोजनात विज्ञानाचं मापन जुलैत होतं आणि दशांश अपूर्णांक सप्टेंबरात. मोजपात्रातलं पाणी २.१५ आणि २.५ असं लिहून झाल्यावर २.१५ जास्त, असं मुलं छातीठोकपणे सांगतात, कारण १५ हे ५ पेक्षा मोठे. हे विज्ञानाच्या तासाला कितीही समजावलं तरी सुटत नाही. गणिताच्या दोन तासिका जुलैत ओढून घेतल्या, पट्टीवरचे मिलिमीटर दशांशात लिहून घेतले, की मोजपात्र आपोआप वाचता येतं. ‘पोराला विज्ञान जमत नाही असा शेरा मारण्याआधी त्याची गणिताची वही उघडा’, हे तुमचं वाक्य आता शिक्षक खोलीत सगळ्यांच्या तोंडी आहे.

आलेखाचं प्रकरण मात्र विस्तारानं लिहायला हवं, कारण ही चूक सातवीच्या जवळपास प्रत्येक वर्गात सापडते आणि शिक्षकाच्या नजरेतून सहज सुटते. स्पिरिटच्या दिव्यावर पाणी तापवून दर मिनिटाला तापमान घेतलं. वाचनं आली २८, ३६, ४४, ५१, ५७, ६३, ६८, ७२, ७६. मूल आलेख कागदावर उभ्या अक्षाला हेच आकडे सारख्या अंतरावर लिहितं: पहिल्या रेघेवर २८, दुसरीवर ३६, तिसरीवर ४४. मग बिंदू मांडतं आणि एक सुरेख सरळ तिरकी रेघ येते. वही इतकी नेटकी दिसते की बरोबरची खूण करून आपण पुढे जातो. पण या पद्धतीनं वाढत्या वाचनांच्या कोणत्याही प्रयोगाचा आलेख सरळ रेषाच येणार! या चुकीचं मूळ स्तंभालेखात आहे. तिथे आडव्या अक्षावर सोमवार, मंगळवार किंवा आंबा, पेरू अशी नावं सारख्या अंतरावर लिहायची सवय लागलेली असते. तीच सवय आकड्यांना लागू होते.

यावर तुम्ही दिलेला उपाय आम्ही सहावीपासूनच लावतो. बिंदू मांडण्याआधी प्रमाण काढायचं: सगळ्यात मोठ्या वाचनातून सगळ्यात लहान वजा करायचं, कागदावर जितके सेंटिमीटर मोकळे आहेत तितक्यांनी भागायचं, आणि येणाऱ्या उत्तराच्या वरचा १, २, ५ किंवा १० यांतला आकडा घ्यायचा. इथे ७६ वजा २८ म्हणजे ४८; उभी जागा १२ सेंटिमीटर; उत्तर ४; म्हणून प्रमाण १ सेमी = ५ अंश आणि अक्षाची सुरुवात २५ पासून. चार का घ्यायचा नाही, असं चौकस पोरं विचारतातच. चार घेतला तर एका मिलिमीटरला ०.४ अंश पडतात आणि मधले बिंदू मांडताना निम्मा वर्ग घसरतो. पाच घेतला तर ०.५, ते सगळ्यांना झेपतं. असा काढलेला आलेख वर जाताना हळूहळू वाकतो. तो वाक दिसला की मग ‘दिवा तोच असून तापमान आता हळू का वाढतंय?’ हा प्रश्न वर्गातून येतो, आणि गरम पाणी भोवतालच्या हवेला जास्त उष्णता देऊ लागतं, हे सांगायला जागा मिळते. सरळ रेघेतून हा प्रश्न कधीच उगवला नसता.

सहावीच्या इतिहासातली इसवी सनापूर्वीची वर्षं आणि गणितातले ऋण पूर्णांक एकाच आठवड्यात आणायचं, हेही तुमचंच. त्यातली मेख अशी, की संख्यारेषेवर आणि तापमापीवर शून्य असतं, सनावळीत मात्र शून्य वर्ष नाही, इ. स. पू. १ नंतर थेट इ. स. १. त्यामुळे इ. स. पू. ३० पासून इ. स. ३० पर्यंत ५९ वर्षं होतात, ६० नव्हेत. हे सांगून टाकू नये, आधी संख्यारेषेवर ६० येऊ द्यावीत, मग शून्याच्या खुणेवर बोट ठेवून ‘हे कोणतं वर्ष?’ विचारावं. शतकांचा घोळही त्याच तासाला मिटतो. मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला ते १७३७ साल अठराव्या शतकात का पडतं, हे मग पाठ करावं लागत नाही.

भूगोल आणि गणित यांच्यात क्षेत्रफळाचा सापळा आहे. १:५०,००० च्या नकाशावर १ सेमी म्हणजे अर्धा किलोमीटर, इथवर सगळे बिनचूक येतात. मग ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याची हद्द त्या प्रमाणात आखून वर एक सेंटिमीटरच्या चौकटींचा पारदर्शक कागद ठेवतात आणि चौरस मोजतात. अर्धा किंवा त्याहून जास्त भरलेला चौरस धरायचा, कमी असेल तो सोडायचा. मोजणी ६८ च्या आसपास येते. त्याला अर्ध्यानं गुणून मुलं ३४ चौरस किलोमीटर लिहितात. अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं तेव्हाचं क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, म्हणजे १६.९ चौरस किलोमीटर. उत्तर बरोबर दुप्पट आलेलं असतं, आणि कारण वहीतच सापडतं: बाजू अर्धी असली तर चौरस पाव होतो. मोजून आलेलं उत्तर छापील आकड्याशी ताडून पाहता येईल असंच उदाहरण निवडायचं, हा तुमचा आग्रह इथे कळतो. चूक शिक्षकानं दाखवण्याआधी खाडीनंच दाखवलेली असते.

सगळ्यात जास्त आभार सावलीच्या प्रयोगाचे. रेखावृत्तं, कोनदुभाजक, सरासरी आणि सूर्याची चाल, एवढं सगळं त्या एका प्लायवूडच्या फळीवर मावतं. ज्यांना करून पाहायचंय त्यांच्यासाठी पुरं लिहितो.

चार फूट बाय दोन फूट प्लायवूड, लांब कड दक्षिणेकडे. त्या कडेच्या मध्याशी ५० सेंटिमीटरची काठी उभी करायची. काठी सरळ आहे का, ते दोऱ्याला नट बांधून केलेल्या ओळंब्यानं दोन बाजूंनी तपासायचं. फळी गच्चीवर नुसती ठेवून चालत नाही, कारण पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला उतार दिलेला असतो. खाली कागदाच्या घड्या सरकवून पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणावा लागतो. काठीच्या बुंध्याशी केंद्र धरून ५० सेंटिमीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ काढायचं. नाताळच्या सुट्टीआधीच्या आठवड्यात सावलीचं टोक सकाळी ११:३६ च्या सुमारास या अर्धवर्तुळाला आतल्या बाजूला जाताना शिवतं आणि दुपारी १:३६ च्या सुमारास बाहेर पडताना. दोन्ही ठिकाणी खूण आणि वेळ. दोन वेळांचा मध्य १२:३६, तीच आपल्याकडची खरी मध्यान्ह. दोन खुणा केंद्राशी जोडून येणारा कोन दुभागला की ती रेघ थेट उत्तर दाखवते. मोबाइलमधल्या होकायंत्राशी ती जुळली नाही तर घाबरू नये. गच्चीतल्या लोखंडी सळया होकायंत्राला भरकटवतात.

सावली सगळ्यात आखूड कधी होते ते नुसतं बघून वेळ का लिहायची नाही? कारण १२:२१ ते १२:५१ या अर्ध्या तासात तिची लांबी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर बदलते, आणि सावलीचं टोक स्वतःच त्याहून जास्त पुसट असतं. काठीच्या टोकाला बारीक भोक पाडलेला पुठ्ठा लावला तर उजेडाचा ठिपका मिळतो आणि त्याच्या मध्यावर खूण करता येते. मात्र मग उंची भोकापर्यंत मोजायची. सूर्याकडे कोणी बघायचं नाही, हा नियम फळीवरच लिहिलेला बरा.

मग हिशोब. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची, आपण जवळजवळ ७३ अंशांवर. फरक साडेनऊ अंश, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ३८ मिनिटं. मध्यान्ह १२:३८ ला यायला हवी होती, आली १२:३६ ला. ही दोन मिनिटं मोजणीतली चूक समजून कोणी खोडू नयेत. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला असल्यामुळे मध्यान्ह वर्षभर मागेपुढे होते. फेब्रुवारीच्या मध्यावर ती १२:५२ पर्यंत जाते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२२ वर येते. म्हणून प्रयोग फेब्रुवारीत पुन्हा करायचा. शून्य सावलीचा दिवस मात्र आपल्या नशिबात नाही: मेच्या मध्यावर येतो तेव्हा शाळेला सुट्टी, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात येतो तेव्हा आभाळ भरलेलं.

मराठीच्या तासाला प्रयोगाची नोंद तपासायला घेतलीत, ही गोष्ट तेव्हा थोडी गमतीची वाटली होती. त्यातून काय निघालं ते चुन्याच्या निवळीत दिसतं. खायचा चुना चमचाभर, लिटरभर पाण्यात हलवून रात्रभर झाकून ठेवायचा, सकाळी वरचं नितळ पाणी न हलवता ओतून गाळून घ्यायचं. उघडं राहिलं तर हवेनंच त्यावर साय धरते आणि प्रयोग फसतो. नळीतून फुंकलं की निवळी दुधाळ होते. फुंकायचंच, ओढायचं नाही, हे दोनदा सांगावं लागतं. ‘निवळी दुधाळ झाली’ हे निरीक्षण. ‘उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो’ हे अनुमान. मुलं दुसरंच वाक्य निरीक्षणाच्या रकान्यात लिहितात, कारण ते पुस्तकात असतं. जे उत्साहानं फुंकतच राहतात त्यांची निवळी पुन्हा नितळ होते, आणि पुस्तकातलं वाक्य उतरवणारा ते लिहायचं टाळतो. असं टाळलेलं वाक्य हुडकायला मराठीचे शिक्षक जास्त तरबेज निघाले.

बाकीचं थोडक्यात. खेळाच्या तासाला नाडी मोजताना अंगठा लावायचा नाही, अंगठ्याची स्वतःची नाडी लागते. आणि १५ सेकंद मोजून ४ नं गुणलं तर एका ठोक्याची चूक चारची होते, म्हणून ३० सेकंद मोजणं बरं. संगणकाच्या तक्त्यात आकड्यापुढे ‘अंश’ टाइप केलं की ती चौकट मजकूर ठरते आणि सरासरी काढताना गुपचूप वगळली जाते; एकक वरच्या शीर्षकात लिहायचं. चित्रकलेत वर्तुळाचे सहा भाग शेवटी जुळत नसतील तर कंपासचा स्क्रू सैल आहे का ते आधी पाहायचं.

तुम्ही जे करू दिलं नाहीत, त्याचेही आभार मानायला हवेत. फ्लेमिंगो सप्ताह ठरला होता: गणितात फ्लेमिंगोंची बेरीज, चित्रकलेत फ्लेमिंगो, मराठीत फ्लेमिंगोचं आत्मवृत्त, आणि पालकांसाठी प्रदर्शन. तुम्ही विचारलंत, या बेरजेला फ्लेमिंगोच कशाला लागतात? पालकांना प्रदर्शन आवडतं, आणि खासगी शाळेला पालकांकडे पाहावंच लागतं, हे आम्ही नाकारत नाही. पण ज्या चौकटीत लाल नोंद नाही तिथे विषय ओढूनताणून जोडायचे नाहीत, हे ठरलं. इंग्रजी कविता इंग्रजी कविताच राहिली, आणि बरं झालं. तक्त्यावर जवळपास निम्म्या चौकटींत लाल नोंदच नाही.

याची किंमतही पडते. गणिताच्या तासिका अलीकडे ओढल्या की पहिल्या सत्राच्या शेवटी भूमितीला ओढ बसते, आणि सावलीच्या प्रयोगासाठी सलग दोन तासिका मिळवताना वेळापत्रक करणाऱ्या सरांशी दर वर्षी हुज्जत होते. तीही तुम्ही आमच्या वतीनं घातलीत.

आठवीचा शेकडेवारीचा भाग अजून तक्त्यावर चढलेला नाही. नागरिकशास्त्र, विज्ञान आणि चक्रवाढ व्याज तिघंही तो एकाच महिन्यात मागताहेत. जूनच्या पहिल्या शनिवारी शिक्षक खोली अकराला उघडी असेल. लाल आणि निळी पेनं आणून ठेवलीत. प्रयोगशाळेतल्या मामांना चहाचं सांगितलंय, बिनसाखरेचा.

कळावे, लोभ असावा.

आपले नम्र,
सहावी ते आठवीचे सर्व शिक्षक, ऐरोली