धावणाऱ्यांसाठी पण थोडी जागा ठेवा

संपादक साहेब,

पेपरात मॅरेथॉन म्हटलं की विजेते आणि बंद रस्ते एवढंच असतं. १९६६ साली अमेरिकेत कॅन्ससमध्ये बॉब अँडरसन नावाच्या शाळकरी पोराने १०० डॉलर घालून ‘डिस्टन्स रनिंग न्यूज’ हे पळण्यावरचं मॅगझिन काढलं, तेच पुढे ‘रनर्स वर्ल्ड’ झालं, आणि तेव्हा तिकडेही रस्त्यावर पळणाऱ्याला लोक येडाच समजायचे. त्यात जॉर्ज शीहान हे हार्ट स्पेशालिस्ट कॉलम लिहायचे, टायमिंगपेक्षा पळण्यातल्या मजेबद्दल जास्त, मला तरी तेच पटतं. मॅगझिनवाले शूजना पहिला-दुसरा असे नंबर द्यायचे त्यावरून कंपन्या चिडल्या (चिडणारच म्हणा!). तुम्हीपण हौशी लोकांसाठी आठवड्यातून एक कॉलम सुरू करा ना, नुसते मुंबई मॅरेथॉनचे फोटो छापून काय होतंय.

– एक वाचक, ठाणे