वाफे करायच्या आधी वाच

मखमलाबाद, नाशिक
सर्वपित्री अमावास्या

चि. सौ. सोनूस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो बाबा, हो बाबा" म्हणतेस आणि चार दिवसांनी पुन्हा तेच विचारतेस, थंडीतल्या भाज्या कधी आणि कशा लावायच्या. म्हणून लिहूनच देतो. फ्रिजवर चिकटवून ठेव.

पाथर्डी फाट्याची तुझी मागची जागा परवा नीट पाहिली. दहा बाय बारा फूट, ऊन सकाळी आठपासून तीनपर्यंत. उन्हाबद्दल तक्रार नाही, मातीबद्दल आहे. वर काळी दिसते, पण कुदळीचा एक घाव घातला की खाली बिल्डरचा मुरूम आणि विटांचे तुकडे. त्यामुळे यंदा गाजराचा हट्ट सोड. मूळ खाली जाताना खडा आडवा आला की गाजराला फाटे फुटतात. ताजं शेणखत घातलं तरी तेच होतं, म्हणून खत चांगलं कुजलेलंच आण, हातात घेतल्यावर वास येता कामा नये. मेथी, पालक, कोथिंबिरीला वीतभर माती पुरते. मुळ्यासाठी कडेचा एकच वाफा फूटभर खणून चाळून घे. जावयांना सांग, रविवारी व्यायामशाळेत जाण्यापेक्षा हे बरं.

आता घाईबद्दल. पाऊस थांबला की थंडी सुरू, असं आपल्याकडे होत नाही. मध्ये ऑक्टोबरचं ऊन ठाण मांडून बसलेलं असतं. पालक त्या उन्हात धड उगवत नाही आणि वाटाणा तर रुसूनच बसतो. मेथी आणि धने नवरात्रात टाकलेस तरी चालेल. पालक, लसूण, फ्लॉवरची रोपं कोजागिरीनंतर, आणि वाटाणा दिवाळीच्या तोंडावर.

फ्लॉवरचं मात्र नीट समजून घे, कारण गेल्या वर्षी मीच त्यात फसलो. नर्सरीवाल्याला विचारलं, जात कुठली? तो म्हणाला, "काका, सगळी सारखीच." मीही मान डोलावली आणि डिसेंबरात रोपं लावली. महिन्याभरात प्रत्येक रोपावर लिंबाएवढा गड्डा. मला वाटलं, वाढेल. वाढला नाही. तुझी आई म्हणाली, कोशिंबिरीला पुरतील. त्याचं असं असतं की लवकरच्या जातीला, म्हणजे पुसा दीपालीसारख्या, गड्डा धरायला फारशी थंडी लागत नाही. ती ऐन थंडीत लावली की पानं पोसायच्या आधीच गड्डा धरून मोकळी होते. पानंच नाहीत तर गड्डा कशावर वाढणार? उलट स्नोबॉलसारखी उशिराची जात उन्हात लावलीस तर नुसता पाला वाढत राहतो. तेव्हा तू स्नोबॉलच माग, रोप चार-पाच आठवड्यांचं घे, संध्याकाळी लाव, दोन रोपांत दीड-दोन फूट सोड. बारा रोपं खूप झाली. गड्डा वाटीएवढा झाला की त्याचीच बाहेरची पानं वर ओढून सुतळीने सैल बांध, नाहीतर उन्हाने पिवळा पडतो.

उद्या घट बसवशील. दसऱ्यापर्यंत त्यातले कोंब वीतभर होतात. माझी आजी ते बघून घरचं बी कसं आहे ते सांगायची. तूही तसंच कर. दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेव, सात उगवले तर बी चांगलं. आईच्या डब्यातलं कांद्याचं बी मात्र सरळ टाकून दे, तीन वर्षांचं आहे. कांद्याचं बी वर्षभरात दम सोडतं.

धने पेरताना अख्खे टाकू नकोस. लाटण्याने हलकेच रगड, एकाच्या दोन डाळी झाल्या पाहिजेत, भरड नको. रात्रभर भिजवून पेर. आठ-दहा दिवस काहीच दिसणार नाही, तेवढ्यात उकरून बघायची सवय सोड (लहानपणी मूग उकरायचीस, आठवतं?). मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशीच वर येते आणि महिन्याभरात काढायला होते. सगळी एकदम पेरू नकोस, दर आठ दिवसांनी हातभर पट्टा. मी एकदा सगळा वाफा एकाच दिवशी पेरला होता. मग शेजारीपाजारी जुड्या वाटत फिरलो आणि घरात चार दिवस मेथीची गोळा भाजीच.

मावा ही कीड येणारच. कोवळ्या पानामागे हिरवट-काळपट थर दिसला की आधी पाण्याचा जोरात फवारा मार. नाही गेला तर निंबोळी अर्क. पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजव, गाळ, आणि संध्याकाळी फवार. दुकानातली बाटली आणू नकोस, आपल्याला तीच पानं खायची आहेत.

पाणी सकाळी. फक्त निफाडचा पारा पाचाच्या खाली गेल्याची बातमी आली, की त्या दिवशी संध्याकाळीही वाफे ओले कर. ओली माती रात्री लवकर गार पडत नाही. तिकडे द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, तुला एवढं केलं तरी पुरे.

लसणाच्या पाकळ्या टोक वर करून लाव. गड्डे फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतील, पण डिसेंबरातच थोडी पात खुडून थालीपिठात घाल.

आणि टोपलीत कोंब फुटलेले कांदे असतील तर फेकू नकोस. दिवाळीनंतर लगेच कडेच्या ओळीत अर्धे मातीत, अर्धे वर असे रोवून ठेव. तीन-चार आठवड्यांत पात मिळते. चंपाषष्ठीच्या भरिताला तुझ्याकडची पात घेऊन ये, वांगी मी बघतो. कुदळही इथलीच ने, तुझी ती हिरव्या प्लॅस्टिकच्या मुठीची मुरमात टिकणार नाही.

तुझा,
बाबा