पट्टा नको, कठडा हवा

महोदय,
मी रोज सायकलने कामाला जाते. आमचा सायकल मार्ग म्हणजे डांबरावर ओढलेला हिरवा पट्टा, आणि त्यावर गाड्या उभ्या. परवा त्यातल्याच एकीचं दार अचानक उघडलं. मी हँडल वळवलं, तोच मागच्या बसचा हॉर्न कानाशी कर्कश वाजला. कोपर अजून सोललेलं आहे.

रंगाने गाडी थांबत नाही. मधे कठडा लागतो, चौकातही. ताशी ३० ऐवजी ५० किलोमीटर वेगाने बसलेल्या धडकेत ऊर्जा जवळपास तिप्पट असते. नेदरलँड्समध्ये १९७१ साली ४००हून अधिक मुलं अपघातांत दगावली, तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. तिथले सायकल मार्ग अशी मागणी करूनच मिळालेत. अर्थसंकल्प ठरण्याआधी आपण सगळ्यांनी नगरसेवकांना गाठून स्वतंत्र तरतूद मागूया, देखभालीच्या खर्चासकट.

– एक सायकलस्वार