चिआंग माईच्या पाककला वर्गाबद्दल तक्रार: वाटण आम्हाला वाटू दिले नाही, आणि त्यात काय होते तेही सांगितले नाही

दि. १७ फेब्रुवारी २०२५
सातारा

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: जानेवारीतील बँकॉक–चिआंग माई सहलीत वेगळे पैसे घेऊन विकलेला थाई पाककला वर्ग; दोन माणसांचे ₹९,६०० परत मिळण्याबाबत.

महोदय,

मी आणि माझी आई आपल्या सहलीबरोबर जानेवारीत थायलंडला जाऊन आलो. विमान, हॉटेल, गाडी याबद्दल माझे काही म्हणणे नाही. तक्रार एकाच गोष्टीची आहे, पण आम्ही ही सहल घेतली ती त्याच गोष्टीसाठी. चिआंग माईमधल्या थाई पाककला वर्गाचे आपण सहलीच्या पैशांवर माणशी ₹४,८०० वेगळे घेतले होते.

आई साताऱ्यात ३१ वर्षे डबे करते. मसाला घरचा आणि वाटण रोजच्या रोज, हा तिचा नेम. मी १२ वर्षे तिच्या हाताखाली आहे. परदेश बघायची तिला हौस नव्हती. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या मुलीने तिला एकदा शाकाहारी थाई हिरवी करी करून खाऊ घातली, तेव्हापासून ती तिच्या डोक्यात बसली. "यात गवती चहा आहे, पण पातीचा वास नाही हा. कुठला भाग घेतात ते बघायला पाहिजे," असे ती तेव्हा म्हणाली होती. तेवढ्यासाठी तिने वर्षभर पैसे बाजूला टाकले आणि ६८व्या वर्षी पासपोर्ट काढला.

आपल्या माहितीपत्रकात या वर्गाबद्दल जे छापले आहे ते मी जसेच्या तसे लिहिते: "स्थानिक बाजारात फेरफटका व खरेदी. प्रत्येकाला स्वतंत्र शेगडी. करी पेस्ट स्वतःच्या हाताने कुटून चार पदार्थ. शाकाहारी पाहुण्यांसाठी वेगळी सोय." या चार वाक्यांतले एकही खरे निघाले नाही.

आई माळकरी आहे. मासे, मटण, अंडे तिला अजिबात चालत नाही. हे मी बुकिंगच्या वेळी फोनवर सांगितले. नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर दोनदा लिहून विचारले, कारण थाई स्वयंपाकात माशाचा सॉस पाण्यासारखा वापरतात एवढे मला ठाऊक होते. दोन्ही वेळा आपल्या कार्यालयातून उत्तर आले, "काळजी करू नका मॅडम, प्युअर व्हेज आहे." ते संदेश सोबत जोडले आहेत.

वर्ग सकाळी ९ वाजता बाजारापासून सुरू व्हायचा होता. त्याऐवजी आम्हाला सांकाम्फेंग रस्त्यावर रत्ने आणि दागिन्यांच्या दुकानात नेले, तिथे पावणेदोन तास गेले. मग छत्र्यांचा कारखाना, मग जेवण. पाककला वर्गाच्या दारात गाडी थांबली तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. बाजाराचे काय, असे विचारल्यावर टूर मॅनेजर म्हणाले, आता वेळ नाही, भाज्या आत मांडूनच ठेवल्यात.

आत आम्ही २२ जण आणि शेगड्या ६. सगळ्यांना अ‍ॅप्रन दिले. एकेकाने पुढे यायचे, कालथा फिरवायचा, फोटो काढायचा आणि मागे सरकायचे. दोन तासांत आईच्या हाताला कालथा एकदाच लागला, तोही फोटोपुरता. दगडी खल आणि बत्ता टेबलावर मांडलेला होता, पण तो कोरडा होता. हिरव्या करीचे वाटण प्लास्टिकच्या मोठ्या डब्यातून आले आणि शिकवणाऱ्या बाईंनी ते पळीने कढईत घातले. आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अगं, हेच तर शिकायला आलो होतो ना आपण?"

डब्याचे झाकण उघडले तसा मला एक ओळखीचा वास आला. माझी एक मैत्रीण मालवणची आहे, तिच्या घरी मी जवळ्याची चटणी होताना पाहिली आहे. मी टूर मॅनेजरना विचारले. त्यांनी डब्याकडे बघितलेसुद्धा नाही. "त्यांचा मसालाच तसा असतो, व्हेजच आहे," म्हणाले. मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला. तेव्हाच मी आईचा हात धरायला हवा होता, ही टोचणी मला अजून आहे.

वाट्या वाढून झाल्यावर माझ्याने राहवले नाही. डब्याकडे बोट दाखवून मी बाईंना विचारले, हे काय? त्या म्हणाल्या, "कपी." मला कळले नाही असे बघून त्यांनी फ्रिजमधून एक छोटा डबा आणून माझ्यापुढे धरला. त्याच्यावर कोळंबीचे चित्र होते. मी वळले तोवर आईचे दोन चमचे खाऊन झाले होते. तिने चित्र बघितले, वाटी खाली ठेवली आणि गळ्यातल्या माळेवर हात नेला. मला किंवा कोणालाही ती एक शब्द बोलली नाही. बाहेरच्या नळावर जाऊन तिने किती तरी वेळ चुळा भरल्या. आमच्या टेबलावरच्या आणखी दोन शाकाहारी कुटुंबांना मी सांगितले, त्यांनीही चमचे ठेवले. त्या रात्री आईने माळ काढून रुमालात बांधली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत फक्त केळी आणि पाणी घेतले. परत आल्यावर आळंदीला जाऊन तिने माळ पुन्हा घातली. हे मी भरपाई वाढवून मागण्यासाठी लिहीत नाही. आपल्या कार्यालयातले लोक फोनवर "दोनच चमचे ना" असे म्हणाले, म्हणून लिहिते.

शिकवणाऱ्या बाईंचा यात काडीचा दोष नाही. कपी म्हणजे जवळ्यासारखी बारीक कोळंबी मीठ लावून आंबवून, उन्हात वाळवून केलेला लगदा. आपल्याकडे फोडणीत हिंग पडावा तितक्या सहज ती त्यांच्या लाल-हिरव्या वाटणात पडते. बाईंना आम्ही शाकाहारी आहोत हेच कोणी कळवले नव्हते. त्यांनी आपल्या तिथल्या एजंटकडून आलेला कागद मला दाखवला. त्यावर "डेमो, २२ माणसे" एवढेच लिहिले होते आणि आहाराचा रकाना कोरा होता. म्हणजे साताऱ्यात मला "हाताने करून शिका" म्हणून जे विकले, ते चिआंग माईत डेमो म्हणून घेतलेले होते. त्या कागदाचा फोटोही सोबत आहे.

माझ्या दोन तक्रारी दिसायला वेगळ्या दिसतात, पण मूळ एकच आहे. वाटण आम्ही आमच्या हाताने वाटले असते, तर खलात पडणारा एकेक जिन्नस आधी आमच्या हातात आला असता. कपीसुद्धा आली असती, आणि आईने ती तिथेच बाजूला ठेवली असती. ३१ वर्षांत तिच्या डब्यात कोणाला नको ते गेले नाही, ते याच सवयीमुळे. तयार डब्यातल्या वाटणात काय आहे ते खाणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. म्हणून पेस्ट स्वतः कुटणे हा माहितीपत्रक सजवायचा शब्द नाही. आम्ही पैसे त्याचेच दिले होते.

आपण फोनवर असेही म्हणालात की शाकाहारी माणसांना तिथे याहून जास्त काही देता येत नाही. हे खरे नाही, आणि ते मी अनुभवाने सांगते. आमचा शेवटचा दिवस मोकळा होता. हॉटेलच्या मुलीने जवळच्या एका छोट्या वर्गाचे नाव सांगितले. माणशी १,१०० बाट भरून आम्ही दोघी गेलो. सगळे मिळून सहा जण होतो. तिथल्या ताईंनी आधी आम्हाला जुन्या शहराच्या खंदकालगतच्या सोमफेत बाजारात नेले आणि पहिल्यांदा दोन शब्द शिकवले. "मांगसविरात" म्हणजे शाकाहारी. आणि "जे" म्हणजे त्याहून कडक: मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही. पिवळ्यावर लाल अक्षरांत लिहिलेली त्याची पाटी त्यांनी एका गाड्यावर दाखवली. आई म्हणाली, "म्हणजे आपला चातुर्मास." आपल्या टूर मॅनेजरना हे दोन शब्द माहीत असते, तरी माझ्या आईवर ही वेळ आली नसती.

बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या मुळांसकट धुऊन ठेवलेल्या होत्या. आपण निवडताना जी मुळे केरात टाकतो, ती त्या वाटणाचा जीव आहेत. कुळिंजन आल्यासारखे दिसते, पण कापले की वास पार वेगळा. गवती चहाची पाती ते वापरत नाहीत, तळाचा पांढरट दांडा घेतात. आईच्या प्रश्नाचे उत्तर तिला तिथे, एका भाजीवालीच्या टोपलीपाशी मिळाले.

मग कुटणे. प्रत्येकापुढे एकेक जड दगडी खल. आधी भाजलेले धणे-जिरे आणि पांढरी मिरी. मग मीठ आणि हिरव्या मिरच्या, मिठाच्या कणांनी मिरचीची साल लवकर तुटते म्हणून. मग बारीक चिरलेला गवती चहा, कुळिंजन, कोथिंबिरीची मुळे आणि मक्रूत लिंबाची साल. साल फक्त वरची हिरवी घ्यायची, पांढरे आले तर कडू होते. पाणी सुटणारे लसूण आणि छोटे कांदे सगळ्यात शेवटी. कठीण ते आधी, ओले ते नंतर, आणि एक धागाही दाताखाली येणार नाही इतके कुटायचे. कपीच्या जागी ताईंनी आंबवलेले सोयाबीन दिले आणि माशाच्या सॉसच्या जागी सोया सॉस. आईला अर्धा तास लागला. तिच्या मनगटाचा ठोका ऐकून ताई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि बाकीच्यांना म्हणाल्या, यांच्याकडे बघा. पुढे नारळाचे घट्ट दूध आटवत तेल सुटू द्यायचे आणि त्या तेलात वाटण परतायचे, हे तर तिने सांगायच्या आधीच केले.

माहितीपत्रकात आपण जे लिहिले होते ते सगळे तिथे होते. शाकाहारी सोय होती, आणि तिची किंमत आपण घेतलेल्या पैशांहून बरीच कमी होती.

परत आल्यावर मी आपल्या कार्यालयाला तीन फोन केले. पहिल्यांदा "कळवतो" म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले की वर्ग झाला, जेवणही झाले, मग पैसे कशाचे परत मागता? तिसऱ्यांदा पुढच्या सहलीवर ₹१,००० ची सूट देऊ केली. ती मी घेणार नाही. आई आपल्याबरोबर पुन्हा येणार नाही, आणि न केलेल्या कामाचे पैसे ठेवून घेऊन त्यातले थोडे सूट म्हणून परत देणे मला मान्य नाही.

माझे मागणे असे. पाककला वर्गाचे दोघींचे ₹९,६०० पूर्ण परत करावेत. वर्ग डेमो म्हणून का ठरवला आणि आहाराचा रकाना कोरा का राहिला, याचा लेखी खुलासा द्यावा. आईच्या नावाने लेखी माफी पाठवावी. ती मराठीत असावी, आणि "झालेल्या गैरसोयीबद्दल" असे ठोकळ वाक्य न लिहिता काय झाले ते त्यात नीट लिहिलेले असावे. आमच्या गटातल्या इतर शाकाहारी प्रवाशांनी त्या दिवशी काय खाल्ले, हे त्यांनाही आपणच कळवावे. सगळे आमच्या टेबलावर नव्हते, मी सगळ्यांपर्यंत पोचू शकले नाही. आणि जोपर्यंत तिथे डेमोच असणार आहे, तोपर्यंत माहितीपत्रकात डेमो असेच छापावे. उन्हाळ्याच्या सुट्टीचे बुकिंग आता सुरू होईल, तेच चार ओळींचे वर्णन वाचून आणखी कोणाची तरी आई पैसे भरेल.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मी जिथे राहते तिथे तक्रार करता येते, आणि एवढ्या रकमेच्या व्यवहाराला शुल्कही लागत नाही. सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात, दोन्हींचे कागद माझ्याकडे आहेत.

सोबत पावती, माहितीपत्रकाचे ते पान, व्हॉट्सअ‍ॅप संदेशांच्या प्रती, एजंटच्या कागदाचा फोटो आणि वाटणाच्या डब्याचा फोटो जोडला आहे. पैसे पावतीवरच्याच बँक खात्यात जमा करावेत.

कळावे,

आपली ग्राहक
(नाव व बुकिंग क्रमांक सोबतच्या पावतीप्रमाणे)
सातारा