हात सरावले, आता लक्ष कुठे?

फोंडा

प्रिय बाय,

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, आता सलाईन लावताना विचारच करावा लागत नाही, हात आपोआप चालतात." ऐकून फार बरं वाटलं. नवं काम शिकताना मेंदूचा पुढचा भाग पायरी-पायरीवर पहारा देतो, म्हणून माणूस दमून जातो. तेच काम अंगवळणी पडलं की बराचसा भार आत खोलवर असलेल्या बेसल गँग्लियाकडे जातो आणि सगळं एका दमात पार पडतं.

आपल्या गोव्याचे तबलावादक खाप्रूमामा पर्वतकर हातापायांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल धरायचे. एकेक मात्रा मोजत बसले असते तर ते जमलं असतं का? रियाझ मुरला होता, म्हणून चित्त लयीच्या बारीक हिशोबात रमायला मोकळं होतं. तुझ्या सुईतून मोकळं झालेलं लक्ष आता पेशंटच्या हक्काचं आहे, मोबाइलच्या नव्हे. ओठ निळसर दिसतात का, शिरेतल्या कॅन्युलाच्या नळीभोवती लाली आली आहे का, रोज बडबडणारी आजी आज गप्प का, हे बघायला तुला आत्ता कुठे सवड मिळाली आहे.

भीती मला एकाच गोष्टीची वाटते. सरावलेला हात एकदा सुटला की समोरचं बदललं तरी थांबत नाही. ट्रेमधल्या औषधांच्या काचेच्या अँप्युल दिसायला सारख्याच असतात. त्यात पोटॅशियम क्लोराइड असलं आणि ते पातळ न करता शिरेत गेलं, तर हृदय बंद पडतं. म्हणून लेबल तीनदा वाचायचं: उचलताना, भरताना, परत ठेवताना. मी नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत ते पुटपुटत वाचलं. जपानमध्ये रेल्वेचे चालक सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने उच्चारतात, तेही याचसाठी.

१९३५ साली अमेरिकेत बोईंगचं मॉडेल २९९ हे विमान उडताच कोसळलं. चालवणारा नवशिका नव्हता, चांगला मुरलेला वैमानिक होता. जमिनीवर वाऱ्यापासून जपण्यासाठी लावलेलं कंट्रोलचं लॉक काढायचं राहून गेलं होतं. त्यानंतर वैमानिकांच्या हातात तपासणीची यादी आली. यादी वाचण्यात कमीपणा मानू नकोस, सीनियर झालीस तरी.

औषध भरताना कुणी हाक मारली, तर परत येऊन पहिल्यापासून सुरू कर. "इथपर्यंत झालं होतं" यावर विसंबू नकोस. नाईटला पहाटे तीन ते पाच ही वेळ सगळ्यात वाईट, तेव्हा शेजारच्या सिस्टरला लेबल वाचून दाखव. ती वैतागली तरी दाखव.

चवथीची रजा मिळते का ते लवकर कळव. बाबा गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या सामानाची यादी करायला बसले आहेत.

तुझी,
आई