द्राक्षमळ्यात भेटलेल्यांचे आभार

फेब्रुवारीत द्राक्षतोडणी ऐन भरात असताना आम्ही नाशिकच्या वायनऱ्या बघत फिरलो. ज्यांनी मदत केली त्यांची नावं ठाऊक नाहीत, म्हणून हे जाहीर आभार.

सर्वात आधी दिंडोरीकडच्या मळ्यातल्या त्या मावशींचे. हातातली कात्री न थांबवता त्यांनी आम्हाला सगळं समजावलं. तोडणी उजाडताच का, तर घड थंड असतानाच कारखान्यात पोचावेत म्हणून. पाटपाणी सोडून ठिबक का, तर पाणी थेट मुळाशी जातं, वाया जात नाही. वेलींखाली पालापाचोळ्याचं आच्छादन असलं की ओल टिकते, तणही कमी. ओळींच्या टोकाला गुलाब दिसले. आम्हाला वाटलं शोभेसाठी! मावशी म्हणाल्या, "भुरी, म्हणजे बुरशीचा रोग, आधी त्याच्यावर दिसती, मग आम्ही सावध होतो." टेस्टिंग रूममध्ये शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाईनबद्दल बरंच ऐकलं, पण माझ्या मते खरी सहल त्या ओळीतच झाली.

वायनरीतल्या त्या तरुण दादाचेही आभार. सहलीत नसलेली मागची बाजू त्याने आपणहून दाखवली: टाक्या धुतलेलं पाणी शुद्ध करून बागेला देतात, आणि गाळून उरलेल्या साली-बियांचा चोथा खतात जातो. वास मात्र जबरदस्त!

आणि रिक्षावाले काका, "चव घेतली ना, मग गाडी राहू द्या इथंच" असं दटावून तुम्ही आम्हाला सीबीएस बसस्थानकापर्यंत सोडलंत. वरचे पैसेही घेतले नाहीत. तुमचे खास आभार.