सालिनासच्या मद्रीनांना, वसईच्या पाहुणीकडून

प्रिय मद्रीना,

तुमच्या गल्लीतली सगळी पोरं तुम्हाला मद्रीनाच म्हणतात, म्हणजे धर्ममाता. त्यांतल्या निम्म्यांना तरी बाप्तिस्म्याच्या वेळी तुम्हीच हातांवर धरलं असेल. म्हणून मीही तेच म्हणते. या पत्रातला मजकूर फोनवर माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये तुम्हाला सांगेनच. मराठीत लिहितेय ते आमच्या वसईकरांसाठी. ‘मिशनवर गेली होती’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर औषधांची पेटी, बिस्किटांचे पुडे आणि उपदेश उभा राहतो. डिसेंबरच्या त्या आठवड्यात खरं काम कोण करत होतं, हे त्यांनाही कळू दे.

कॅलिफोर्नियातल्या सालिनासच्या खोऱ्यात एप्रिल ते नोव्हेंबर लेट्यूस निघतो. नोव्हेंबर सरता सरता सगळा पसारा शेजारच्या अ‍ॅरिझोनातल्या यूमाला हलतो. यंत्रं, खोकी, मुकादम, आणि निम्म्या घरांतले बाप्येही. स्ट्रॉबेरी खुडणारे मागे राहतात, पण त्यांनाही हिवाळ्यात काम नसतं. कागदपत्रं नसलेल्यांना बेकारी भत्ताही मिळत नाही. नेमक्या या बिनपगारी महिन्यात ग्वादालुपे मातेची, म्हणजे मेक्सिकोच्या लाडक्या मारियामातेची नोव्हेना येते, ३ ते ११ डिसेंबर अशी नऊ दिवसांची प्रार्थना. मातेची तसबीर रोज एका घरी मुक्कामाला जाते. त्या तसबिरीमागून घरोघरी जायचं, एवढंच माझं ‘मिशन’ होतं.

चर्चने मला छापील फॉर्मांचा गठ्ठा दिला होता. घरात माणसं किती, बाप्तिस्मा झालाय का, पत्ता, फोन. पहिल्याच संध्याकाळी तुम्ही तो माझ्या हातातून काढून घेतलात आणि गाडीच्या डिकीत टाकलात. “कागद आणि पेन घेऊन जो येतो, त्याला आमच्याकडे दार उघडत नाहीत,” असं म्हणालात. एका गॅरेजमध्ये दोन-दोन कुटुंबं राहतात, घरमालकाला आकडा एक सांगितलेला असतो आणि आत माणसं वेगळीच. अशा घरात बाहेरच्या बाईने वही उघडली की पुढची नोव्हेना त्या घरात व्हायची नाही. त्या आठवड्यात मी कुणाला ‘तुम्ही इथे कसे आलात’ असं विचारलं नाही. ज्यांना सांगायचं होतं त्यांनी आपणहून सांगितलं, तेही भांडी विसळताना.

गळ्यात चर्चचं ओळखपत्र होतं, त्यावर ‘मिसियोनेरा’, म्हणजे धर्मप्रचारक बाई, असं छापलेलं. तुम्ही त्यावर सरळ एप्रन बांधलात. खरं सांगू, मला सुटल्यासारखं झालं. तिथून थोड्याच अंतरावर कार्मेलचं जुनं मिशन आहे, स्पॅनिश धर्मप्रसारकांचं ठाणं. ते उभारणारे फादर हुनिपेरो सेरा तिथेच पुरलेले आहेत. २०१५ मध्ये त्यांना संतपद मिळालं, तेव्हा तिथल्या मूळ रहिवाशांच्या वंशजांनी निषेध केला होता, आणि तो उगाच नव्हता. असा इतिहास असलेल्या मुलखात ते बिरुद मिरवत फिरणं मला तरी अवघड होतं.

माझं आडनाव पोर्तुगीज, रंग तुमच्यासारखाच. त्यामुळे दारात प्रत्येक जण माझ्याशी सुसाट स्पॅनिश सुरू करायचा आणि माझा चेहरा बघून गोंधळायचा. मेक्सिकोतल्या वाहाकाहून आलेल्या आज्या तर स्पॅनिशही बेताचंच बोलतात, त्यांची भाषा मिस्तेको. तिथे तुम्ही दोन्हीकडून दुभाषी झालात. आणि दुभाष्यावरूनच ती गोष्ट निघाली, ज्यासाठी हे पत्र खरं तर लिहावंसं वाटलं.

एका घरात, वेदीच्या कोपऱ्यात संत फेलिपे दे हेसूस यांचं चित्र होतं. मेक्सिकोचे पहिले संत. घरातले आजोबा इथलेच जुने, १९७० च्या लेट्यूस संपातले. शेतमजुरांचे पुढारी सेसार चावेझना डिसेंबरात सालिनासच्या तुरुंगात टाकलं होतं, ते दिवस पाहिलेले. माझ्याशी मात्र बोलायला तयार नव्हते. मी हळूच तुम्हाला सांगितलं की नागासाकीला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी फेलिपेंबरोबर क्रूसावर चढवलेल्यांत आमच्या वसईचे गोन्सालो गार्सियाही होते. जहाज फुटून फेलिपे जपानच्या किनाऱ्याला लागले. गोन्सालो तिथे आधीपासून होते, फ्रान्सिस्कन ब्रदर, आणि मठाच्या वरिष्ठांचे दुभाषी. १८६२ मध्ये दोघं एकाच दिवशी संत झाले. वसईजवळ गासला गोन्सालोंच्या नावाचं चर्च आहे, वसईत कॉलेज आहे.

तुम्ही हे सगळं आजोबांना तिखटमीठ लावून सांगितलंत. किती लावलंत ते मला कळलं नाही, पण आजोबा उठले, चित्र खाली काढलं, फडक्याने पुसलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. पुढच्या दारापासून तुम्ही माझी ओळख बदललीत. ‘चर्चने पाठवलेली’ गेली आणि ‘सान फेलिपेच्या सोबत्याच्या गावची’ आली. त्या एका वाक्याने मला जेवढी दारं उघडली, तेवढी वर्षभर रात्रीच्या वर्गात शिकलेल्या स्पॅनिशने उघडली नसती.

जपमाळेबद्दल काय लिहू? ती आमच्यासारखीच. शेवटी नावं घ्यायची, ती मात्र तुमची. यूमाला गेलेला, सीमेपलीकडे परत पाठवलेला, बारा वर्षांत न भेटलेली आई. प्रत्येक नावाला थांबायचं. घाई करणाऱ्याकडे तुम्ही एक डोळा वटारून बघता, तो मी पाहिलाय.

आणि तमाले! मक्याच्या सालींतले मला माहीत होते. वाहाकाच्या बायका ते केळीच्या पानात बांधतात, हे नव्हतं. पान विस्तवावर फिरवून मऊ करायचं, मक्याचं मळलेलं पीठ थापायचं, काळा मोले म्हणजे मसालेदार दाट रस्सा घालायचा, घडी मारायची. आमच्या पानगीची ही मसालेदार चुलतबहीणच. केळी-पानवेलीच्या वाडीत वाढलेल्या मला पान न फाडता शेकता येतं, हे तुम्ही ओळखलंत आणि शिकवणीचं काम काढून घेऊन मला चुलीजवळ बसवलंत. माझी बढती झाली असंच मी धरलं.

१२ तारखेची, मातेच्या सणाची पहाट, मातेने दर्शन दिलेला हुआन दिएगो होऊन काजळाच्या मिशा काढलेली पोरं, पायांत सुक्या बियांच्या कवचांचे घुंगरू बांधलेले नाचे, हे लोक फोटोत बघतीलच. त्या पहाटे तुम्ही मात्र मागच्या खोलीत चांपुरादोचं, म्हणजे मक्याच्या पिठाच्या दाट चॉकलेटी पेयाचं पातेलं ढवळत होता आणि मातेसमोर सगळ्यांत शेवटी गेलात.

अजून एक. ज्या खोलीत मी झोपले ती तुमच्या यजमानांची, ते यूमाला गेल्यामुळे रिकामी. एप्रिलमध्ये लेट्यूसबरोबर ते परततील, तेव्हा त्यांनाही माझे आभार सांगा. त्यांची जाड गोधडी मी धुऊन कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलीय, शोधत बसायला नको. मेमध्ये माझी आई वसईहून येतेय. तिला तुमच्याकडे आणायचं आहे. स्पॅनिश तिला येत नाही, पण केळीची पानं ती माझ्यापेक्षा बरी शेकते.

तुमची,
सान फेलिपेच्या सोबत्याच्या गावची